बटाट्याचे रानटी सोयरे

हर्णे म्हटले की कोणालाही मासळी आठवते. संध्याकाळी किनाऱ्यावर चालणारा लिलाव, समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग आणि नांगरून ठेवलेल्या होड्या हे चित्र आमच्या गावाच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या गावच्या मुलीने, आणि तेही कला शाखेच्या विद्यार्थिनीने, वार्षिक अंकासाठी बटाट्यावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु बटाटा हा विषय एकट्या वनस्पतिशास्त्राचा नाही. त्यात भूगोल आहे, इतिहास आहे आणि आपल्या रोजच्या ताटातील एक खरा प्रश्नही आहे.

तो प्रश्न मला आमच्या किराणा दुकानात मिळाला. आमच्याकडे येणारा बटाटा घाटावरचा. पोते ओतले की बाबा हिरवट आणि कोंब फुटलेले बटाटे बाजूला काढतात. हे बाजूला काढलेले बटाटे कमी भावात मिळतील का, असे विचारणारी गिऱ्हाइके नेहमी असतात. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी करणाऱ्यांना पोतेभर बटाटा लागतो. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांनाही तांदूळ, कांदे आणि बटाटे भरून न्यावे लागतात, कारण दोन्ही जिन्नस टिकाऊ. अशा वेळी दोन-चार रुपये वाचत असतील तर कोणाला नको आहेत? “साल जाड काढली की झाले,” असे गिऱ्हाइकांचे म्हणणे. “द्यायचेच नाहीत,” असे बाबांचे म्हणणे. दोघांपैकी बरोबर कोण, या कुतूहलातून मी वाचायला लागले आणि हळूहळू दक्षिण अमेरिकेतील डोंगरांपर्यंत जाऊन पोहोचले. त्या वाचनाचे सार येथे देत आहे.

प्रथम बटाट्याचे कुळ पाहू. वांगे, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सर्व बटाट्याची भावंडे. आपल्याकडे कुंपणाच्या कडेला उगवणारी, बारीक काळी फळे येणारी कामोणीसुद्धा याच घराण्यातील. या कुळाचा एक गुण असा की आपले रक्षण करण्यासाठी त्यातील वनस्पती आपल्या अंगातच कडू, विषारी द्रव्ये तयार करतात. तंबाखूतील निकोटिन आणि धोतऱ्याचे विष आपल्याला ऐकून माहीत असते. बटाट्यात अशी दोन मुख्य द्रव्ये आहेत. एक सोलॅनिन आणि दुसरे चॅकोनिन. पैकी सोलॅनिन प्रथम वेगळे काढले गेले ते बटाट्यातून नव्हे, तर १८२० साली फ्रान्समध्ये, युरोपातील कामोणीच्या फळांतून.

झाडाला पळता येत नाही, चावता येत नाही. कीड आली, बुरशी आली, गुरे आली तरी त्याला जागेवरच उभे राहावे लागते. म्हणून जे भाग त्याला अधिक मोलाचे, त्यांत हे विष अधिक साठवलेले असते. बटाट्याची फुले, कोवळे कोंब, पाने आणि टोमॅटोसारखी दिसणारी बारीक हिरवी फळे यांत ते भरपूर असते. जमिनीखालच्या बटाट्यात ते सर्वांत कमी, आणि तेथेही बहुतेक सालीत व सालीलगतच्या दीड-दोन मिलिमीटर थरात असते. कोंब फुटणाऱ्या डोळ्याभोवती त्याचे प्रमाण वाढते. आतला पांढरा गर त्या मानाने निर्धोक असतो.

आता हिरवेपणाविषयी. बटाटा जमिनीत येतो म्हणून आपण त्याला सरसकट कंदमुळांत घालतो. पण तो मूळ नसून खोड आहे. खोडावर डोळे असतात, तसे बटाट्यावरही असतात. रताळे हे मात्र खरे मूळ. म्हणूनच उजेडात ठेवलेला बटाटा हिरवा पडतो आणि रताळे तसे पडत नाही. उजेड लागताच बटाट्याला जणू आपण जमिनीवर आल्याची जाणीव होते आणि तो पानासारखे वागू लागतो. त्यात हरितद्रव्य तयार होते आणि त्याच सुमारास संरक्षणासाठी सोलॅनिन व चॅकोनिनही वाढते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. हिरवा रंग म्हणजे विष नव्हे. हरितद्रव्य पालेभाजीतही असते आणि ते निरुपद्रवी आहे. रंग आणि विष ही एकाच उजेडाची दोन स्वतंत्र कामे आहेत. त्यामुळे हिरवा बटाटा हा इशारा समजावा, पण हिरवा नसलेला प्रत्येक बटाटा निर्दोषच असेल असे समजू नये. पोते आपटल्याने, फावडे लागल्याने किंवा चिरून ठेवल्यानेही विषाचे प्रमाण वाढते, आणि त्या वेळी रंग बदलतोच असे नाही. मग ओळखायचे कसे? जिभेने. कडवट लागणारा, घशाशी जळजळ करणारा बटाटा खाऊ नये.

“थोड्याशा कडवटपणाने काय होते?” असे कोणी विचारील, म्हणून आकडे पाहणे बरे. आपण नेहमी खातो त्या चांगल्या बटाट्यात, किलोमागे, साधारण २० ते १०० मिलिग्रॅम इतके हे विष असते. २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. कोंबांत मात्र हेच प्रमाण किलोमागे २,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. दुसऱ्या बाजूला, माणसाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ मिलिग्रॅम पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली सांगितले आहे. आता साधे अंकगणित करू. ५० किलो वजनाच्या माणसाला त्रास होण्यास ५० मिलिग्रॅम पुरतील. बटाटा चांगला असेल, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅमचा असेल, तर त्याने एका बैठकीत सालीसकट किलोभर बटाटे खाल्ले पाहिजेत. असे कोणी करीत नाही. परंतु बटाटा बिघडलेला, किलोमागे ३०० मिलिग्रॅमचा असेल, तर सालीसकट १७० ग्रॅमच पुरे होतात, म्हणजे मध्यम आकाराचे दोन बटाटेही लागत नाहीत. आणि १५ किलोच्या मुलाला ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा बटाटा. म्हणून हा प्रश्न मोठ्यांपेक्षा मुलांचा अधिक आहे.

त्रास कोणता, तर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि डोकेदुखी. मात्रा जास्त झाली तर गुंगी आणि भ्रमही. ही लक्षणे कित्येक तासांनी दिसतात आणि ती नेहमीच्या अन्नबाधेसारखीच असतात. त्यामुळे दोष बटाट्याला न लागता पाण्याला किंवा मासळीला लागण्याचा संभव असतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज वैद्यकीय अहवालात लंडनच्या एका शाळेतील ७८ मुलांची हकिगत आहे. शाळेच्या जेवणात उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीपासून पडून राहिलेले बटाटे शिजवले गेले, आणि मुले आजारी पडली. १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सर्व मुले बरी झाली.

“पण शिजवल्यावर विष मरत नाही का?” हा पुढचा प्रश्न. बहुतेक जंतू उकळण्याने मरतात, म्हणून आपल्याला सर्वच दोष विस्तवाने जातात असे वाटते. सोलॅनिन हे जंतू नव्हे, ते एक टिकाऊ रसायन आहे आणि पाणी ज्या उष्णतेला उकळते त्या उष्णतेला ते मोडत नाही. काही अंश उकडलेल्या पाण्यात उतरतो, एवढेच. साल काढल्याने मात्र निश्चित फरक पडतो, कारण विषाचा मोठा वाटा तेथेच असतो. तेव्हा गिऱ्हाइकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एखादा लहानसा हिरवा डाग खोलवर कापून टाकला आणि उरलेला बटाटा कडू लागला नाही, तर तो चालेल. परंतु चहूबाजूंनी हिरवा झालेला, सुकून सुरकुतलेला आणि कोंबांनी भरलेला बटाटा स्वस्त मिळाला तरी महागच पडतो. त्या बाबतीत बाबांचेच बरोबर आहे.

येथवर एका बटाट्याची गोष्ट झाली. मला अधिक विचार करायला लावला तो पुढच्या भागाने. आपण खातो तो बटाटा मुळात असा सौम्य नव्हता. ‘बटाटा’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि कॅरिबियन बेटांवरील मूळ शब्द रताळ्याचा वाचक होता. खुद्द बटाट्याचे माहेर मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरील तितिकाका सरोवराच्या परिसरात आहे. तेथील लोकांनी सुमारे ८,००० वर्षांपूर्वी रानटी बटाटा जवळ केला. त्या रानबटाट्याचे कंद बारीक आणि बहुधा कडू होते. जो कंद कमी कडू लागला तो पुढच्या वर्षी लावायचा, कडू निघाला तो सोडायचा, असे शेकडो पिढ्या चालले. आजचा गोडसर बटाटा ही त्या अनाम शेतकऱ्यांच्या जिभेची कमाई आहे.

परंतु त्यांनी कडू बटाटा पुरता टाकून दिला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अँडीजच्या फार उंच भागात रात्री हिमकण पडतात आणि चांगला बटाटा तेथे जळून जातो. सोलॅनम अकाउले नावाचा एक रानटी बटाटा मात्र ते गोठण सोसतो. लागवडीतील बटाट्याशी त्याचा आपोआप संकर होऊन ज्या जाती निपजल्या त्या थंडीला टिकतात, पण कडू असतात. मग तेथील लोकांनी युक्ती काढली. कडू बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे, काही आठवडे वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवायचे आणि शेवटी वाळवायचे. यातून ‘चुन्यो’ नावाचा वाळवलेला बटाटा मिळतो. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि कडूही राहत नाही. काही ठिकाणी कडू बटाट्याबरोबर एक प्रकारची चिकणमाती खाण्याची चाल होती. ती माती विष धरून ठेवते.

हे वाचताना मला आपले कोकण आठवल्याशिवाय राहिले नाही. सुरण खाजतो, कारण त्यात सुईसारखे टोकदार क्षार असतात. म्हणून आपण त्याला आमसूल किंवा चिंच लावतो. रानातले कडू कारांदे चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्याखेरीज खात नाहीत. काकडी चिरताना देठाकडचा काप आधी चाखून पाहण्याची रीत घरोघरी आहे. जाळ्यात केंड मासा आला तर तो बाजूला टाकावा, हे जाणत्या खलाशाला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या लोकांनी विषारी गोष्टींशेजारी शतके काढली, त्यांनी प्रत्येकीसाठी वेगळी रीत शोधून ठेवली. मात्र एकीची रीत दुसरीला लागू पडत नाही. सुरणाला चिंच लावून काम होते म्हणून हिरव्या बटाट्यालाही होईल असे नाही. बटाटा आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा आहे. तो आला, पण अँडीजमधील त्याच्याविषयीचे शहाणपण त्याच्याबरोबर आले नाही.

आता आधुनिक काळात येऊ. मूळ भूमीतून युरोपात गेलेले बटाटे थोड्याच वाणांचे होते. १८४५ साली आयर्लंडमध्ये करपा रोगाने एकामागून एक शेते काळी पडली. गरिबांचे दुसरे अन्नच नव्हते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या दुष्काळाला राज्यकर्त्यांचे धोरण आणि जमीनदारी यांचाही मोठा हातभार होता, हे इतिहासाचे विद्यार्थी जाणतातच. पण वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर दोष असा की सर्व शेतांत जवळपास एकाच रक्ताचे बटाटे होते आणि त्यांपैकी कोणालाही करप्याशी झुंजता येत नव्हते.

झुंजणारे बटाटे होते, पण ते मेक्सिकोच्या डोंगरांत, रानात. सोलॅनम डेमिसम ही त्यांतली एक जात. विसाव्या शतकात संशोधकांनी अशा रानटी जातींशी लागवडीच्या बटाट्याचा संकर करण्यास आरंभ केला. सोव्हिएत संशोधक वाव्हिलोव यांच्या पुढाकाराने रानटी आणि देशी बटाटे गोळा करण्यासाठी मोहिमा निघाल्या. १९७१ साली पेरूची राजधानी लिमा येथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. तेथे हजारो वाण जपून ठेवलेले आहेत. एखाद्या घराण्याने संकटकाळी दूरच्या, रानात राहणाऱ्या सोयऱ्यांकडे मदत मागावी, तसाच हा प्रकार.

आपल्या देशातही हे काम झाले. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला स्थापन झाली आणि १९५६ साली शिमल्याला हलवण्यात आली. याला भौगोलिक कारण आहे. बटाट्याला मनसोक्त फुले येण्यासाठी लांब दिवस आणि थंड हवा लागते. मैदानी प्रदेशात बटाटा हिवाळ्यात, लहान दिवसांत होतो, त्यामुळे तेथे फुलांची वानवा. फूल नाही तर संकर नाही. शिमल्याजवळच्या कुफ्री येथे उन्हाळ्यात बटाटा फुलतो, म्हणून आपल्या वाणांच्या नावांत ‘कुफ्री’ आले. १९६८ सालचा ‘कुफ्री ज्योती’ हा त्यांतील प्रसिद्ध वाण. करप्याला तोंड देण्याची त्याची मूळची शक्ती अशाच रानटी वंशातून आलेली. १९७२ सालचा ‘कुफ्री लवकर’ हा वाण आपल्या दख्खनच्या पठारासाठी निघाला. तो लवकर तयार होतो आणि त्याचे नाव मराठी कानाला परके वाटत नाही.

महाराष्ट्राला याचे महत्त्व विशेष आहे. देशात बहुतेक ठिकाणी बटाटा हे रब्बीचे पीक. परंतु पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि खेड तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, तो पावसाळ्यात घेतला जातो. ढगाळ हवा आणि ओलावा म्हणजे करप्याला आमंत्रण. अशा शेतकऱ्याला रोगाशी झुंजणारा वाण मिळाला तर फवारणीचा खर्च वाचतो आणि कधी कधी सारे पीकही वाचते. म्हणजे रानटी सोयऱ्यांची मदत नको असे म्हणण्याची सोय नाही. शिवाय करप्याची बुरशीही बदलत राहते. ज्योतीचा प्रतिकारही पुढे ढिला पडला. त्यामुळे संशोधकांना पुनःपुन्हा रानाकडे वळावे लागते.

पण सोयरा घरी आला की आपले स्वभाव घेऊनच येतो. संकरात रोगप्रतिकार तेवढा निवडून घेता येत नाही. पहिल्या पिढीत निम्मे रक्त रानटी असते. ती संतती पुन्हा चांगल्या बटाट्याशी जुळवावी लागते, मग पुन्हा, मग पुन्हा. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर रानटी अंश थोडा उरतो. उरलेल्या त्या अंशात हवा तो गुण राहिला पाहिजे आणि कडवटपणा गेला पाहिजे. तो गेला की नाही हे झाडाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मोजावेच लागते.

न मोजल्यास काय होते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १९६७ साली तेथे ‘लेनापी’ नावाचा वाण प्रसारित झाला. त्याच्या पूर्वजांत सोलॅनम चाकोएन्स ही दक्षिण अमेरिकेतील रानटी जात होती. वेफर्ससाठी तो उत्तम होता. बटाट्यात साखर जास्त असली की वेफर काळपट होतात. लेनापीत साखर कमी आणि घट्ट गर जास्त, म्हणून वेफर सोनेरी आणि कुरकुरीत होत. रोगालाही तो बरा टिके. कारखानदारांना आणखी काय हवे? परंतु कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातील विष मोजले तेव्हा ते किलोमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या बटाट्याच्या कित्येक पट निघाले. १९७० साली तो वाण मागे घेण्यात आला. गंमत अशी की त्याचा वंश मात्र संपला नाही. लेनापीचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करून, विष कमी असलेली संतती निवडून, १९७६ साली ‘अटलांटिक’ हा वाण निघाला आणि तो वेफर्ससाठी जगभर पसरला. सोयरा वाईट नव्हता, त्याला पारखून घेण्यात कसूर झाली होती.

यावर काही मंडळी म्हणतील, “म्हणूनच आम्ही सांगतो, जुने ते सोने. संकर नको आणि प्रयोगशाळा नको.” त्यांच्यासाठी स्वीडनचे उदाहरण आहे. तेथे ‘मॅग्नम बोनम’ हा एकोणिसाव्या शतकातील जुना, लोकांच्या आवडीचा वाण होता. १९८० नंतरच्या दशकात त्याच्या बटाट्यांत विषाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि १९८६ साली तो बाजारातून काढावा लागला. हवामान, काढणीची वेळ आणि साठवण यांवरही विष अवलंबून असते, आणि वाण जुना असला तरी त्यातून सुटका नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाचेही तसेच. सोलॅनिन शंभर टक्के नैसर्गिक आहे. कडू दुधीही नैसर्गिकच. तरी त्याचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीला, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, कडू रस पिऊ नका असा इशारा द्यावा लागला. तेव्हा नवे की जुने, नैसर्गिक की कृत्रिम, हे प्रश्न दुय्यम आहेत. मोजून पाहिले का, चाखून पाहिले का, हे खरे प्रश्न.

रानटी जातींविषयी आणखी एक आशादायक गोष्ट सांगते. लेनापीला भोवलेल्या त्याच चाकोएन्स जातीच्या काही झाडांत लेप्टिन नावाची द्रव्ये सापडली आहेत. बटाट्याची पाने फस्त करणारा कोलोरॅडो भुंगेरा त्यांच्यापासून दूर राहतो. सुदैवाने ही कीड आपल्या देशात नाही, पण अमेरिका आणि युरोपात तिने मोठा उच्छाद मांडला आहे. विशेष म्हणजे ही द्रव्ये पानांतच असतात, कंदात नसतात. विष किडीच्या वाट्याला आणि बटाटा माणसाच्या वाट्याला, अशी वाटणी साधता आली तर फवारणी कमी होईल. संशोधक त्या दिशेने प्रयत्न करीत आले आहेत. एकाच रोपाच्या एका भागातील विष उपकारक आणि दुसऱ्या भागातील अपायकारक, हे समजून घेतल्यावर ‘रानटी’ हा शब्द तुच्छतेने वापरण्याचे कारण उरत नाही.

आता घरच्या उपयोगाचे थोडे. बटाटे अंधारात, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावेत. गोणपाटाचे पोते चांगले, पारदर्शक पिशवी वाईट, कारण उजेड आत जातो आणि दमही साठतो. ऊन नसले तरी दिव्याच्या उजेडानेही बटाटा हिरवा होतो. कोंब आलेच तर डोळ्यासकट खोल कापून काढावेत. कोंब पुष्कळ असतील आणि बटाटा मऊ पडला असेल तर तो टाकावा. बटाटा बिघडल्याचा संशय असेल तर उकडलेले पाणी आमटीत घालू नये. हिरव्या साली आणि कोंब शेळ्या-गुरांनाही घालू नयेत, कारण त्यांनाही बाधा होते. कडवट भाजी तिखट-मसाल्याखाली लपवू नये आणि मूल “कडू लागते” म्हणाले तर त्याला लाडावलेले ठरवण्याआधी स्वतः एक घास चाखावा. नौकेवर जाणाऱ्यांनी बटाट्याचे पोते उघड्या फळीवर न ठेवता सावलीत, वर दुसरे पोते टाकून ठेवावे. एवढ्याने आठ-दहा दिवस बटाटा निर्धोक राहतो आणि याला पैसाही लागत नाही.

हे वाचून कोणी बटाटेवडा सोडू नये. चांगला, सोललेला बटाटा हे जगातील उत्तम अन्नांपैकी एक आहे. भात नसलेल्या कितीतरी देशांना त्यानेच जगवले आणि आपले उपवासही त्याच्यावाचून चालत नाहीत. पण आपल्या वसतिगृहाच्या खानावळीतील बटाट्यांची पोती सध्या खिडकीखाली, भर उजेडात तोंड उघडी ठेवलेली असतात. तेथे रोज जेवणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांची अकरावी-बारावीची मुले-मुलीही आहेत. ती पोती समोरच्या भिंतीकडे, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत हलवावीत अशी माझी खानावळ समितीला विनंती आहे. हलवायला दोघे जण आणि दहा मिनिटे पुरतील. त्या दोघांपैकी एक मी असेन.